‘टीज’ म्हणजे नेमकं काय? एका इंग्रजी क्रियापदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या इंग्रजीच्या वर्गांत ‘टीज म्हणजे चिडवणे’ एवढं वहीत लिहून घेतलं की विषय संपतो. मग ‘टीज आउट’ आलं, ‘टीज्ड हेअर’ आलं किंवा सिनेमाचा टीजर आला की तो अर्थ कुठेच बसत नाही. हा शब्द मुळात चिडवण्याचा नाहीच, तो धाग्यादोऱ्याच्या धंद्यातला आहे. ज्याने घरात गादी पिंजून घेतलेली पाहिली आहे, त्याला तो शब्दकोशापेक्षा लवकर कळतो.

‘टीज’चा आजचा अर्थ थोडक्यात काय?

एखाद्याला बारीक बारीक टोचून, पुन्हा पुन्हा खोडी काढून चिडवणं. हेतू गमतीचा असू शकतो, दुखावण्याचाही असू शकतो. शब्दातून ते ठरत नाही, बोलणाऱ्याच्या सुरावरून ठरतं. दुसरा अर्थ आशा दाखवून हुलकावणी देणं. तिसरा, आजही जिवंत असलेला अर्थ म्हणजे गुंता हळूहळू सोडवणं, तंतू मोकळे करणं. कालक्रमाने पाहिलं तर हा तिसरा अर्थच पहिला.

हा शब्द आला कुठून?

जुन्या इंग्रजीत ‘टॅसन’ असं क्रियापद होतं. अर्थ: ओढून वेगळं करणं, लोकर किंवा जवसाचे तंतू सुटे करणं. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचं ‘टेसन’ झालं आणि पुढे ‘टीज’. शब्द जर्मानिक घराण्यातला आहे, म्हणजे लॅटिन-फ्रेंचमधून उसना आणलेला नाही. माणसाला त्रास देणं हा अर्थ त्याला सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, १६१०च्या आसपास चिकटला. त्याआधीची कित्येक शतकं ‘टीज’ फक्त लोकरीला नि जवसालाच करत.

लोकर सुटी करणं आणि माणसाला त्रास देणं, यांचा संबंध काय?

कृती डोळ्यांसमोर आणा. मेंढीची कातरलेली लोकर म्हणजे मळ, घाम, काड्या आणि चरबी यांनी चिकटलेला लगदा. तो एका झटक्यात ओढला तर तंतू तुटतात. म्हणून एक झुपका डाव्या हातात धरायचा आणि उजव्या हाताने चिमटीत येईल तेवढाच ओढायचा. मग पुन्हा थोडा, पुन्हा थोडा. प्रत्येक ओढ क्षुल्लक असते, पण ती थांबत नाही. शेवटी जो घट्ट गोळा होता तो विस्कटतो, फुलतो, मूळ आकार हरवून बसतो.

माणसाला चिडवण्याची रीतही हीच. एका वाक्याने कोणी चिडत नाही. ‘काय रे, आज लवकर उठला?’, मग ‘कोणासाठी?’, मग ‘सांग ना’ असं दहाव्या चिमटीला पेशन्स सुटतो. मारहाण, धमकी, शिवीगाळ यांना इंग्रज ‘टीज’ म्हणत नाही त्याचं कारण या चिमटीत आहे. तो जोराचा एक घाव नाही, बारीक ओढींची मालिका आहे.

हे काम आपल्या कापसावर करून बघता येईल का?

येईल, आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी वर्गात एकदा करून दाखवावंच. फक्त लक्षात ठेवा: इंग्रजी शब्द लोकर आणि जवसावर घडला, कापसावर नाही. इंग्लंडमध्ये कापूस पिकत नाही.

पऱ्हाटीवरून पूर्ण उमललेली पाच-सहा बोंडं घ्या. चांगल्या बोंडात चार-पाच ग्रॅम कापूस निघतो, म्हणजे हातात साधारण २५ ग्रॅम आला. आधी सरकी काढा. बोटांनी काढायला वेळ लागतो. पाटावर कापूस ठेवून त्यावरून लोखंडी सळई दाबून लाटली तर सरकी पुढे निसटते आणि रुई मागे राहते. वजनाचा एक तृतीयांशच भाग रुई असतो, त्यामुळे आठ-नऊ ग्रॅम हाती लागली तर हिशेब बरोबर आहे. जिनिंगवाले क्विंटलमागे साधारण ३३ ते ३६ किलो रुई धरतात, तेच गणित.

आता ती रुई तासभर उन्हात ठेवा. मग लिंबाएवढा झुपका घेऊन दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर ओढा. तुटू द्यायचा नाही, सरकू द्यायचा. आपल्याकडच्या संकरित कपाशीचा धागा बहुधा २८ ते ३० मिलिमीटरचा असतो, म्हणून चिमट्यांमधलं अंतर त्याहून फार वाढवलं की झुपक्याचे दोन तुकडे होतात. झुपका फिरवून आडव्या बाजूने पुन्हा तसंच करा. खाली कागद अंथरलेला असेल तर पानांचा चुरा आणि धूळ त्यावर पडताना दिसेल. दहा मिनिटांत लिंबाचा नारळ होतो. या सगळ्या खटाटोपाला इंग्रजीत ‘टीजिंग’ म्हणतात. त्यानंतर काटेरी फण्यांवर तंतू एका दिशेने लावणं म्हणजे ‘कार्डिंग’. त्याचा पेळू वळला की सूतकताईला माल तयार.

पिंजाऱ्याचं पिंजण हीच कृती वेगाने करतं. धनुष्यासारख्या लांब दांड्याला ताणून बांधलेली तात रुईत बुडवायची आणि लाकडी ठोकळ्याने तिच्यावर ठोका द्यायचा. तात थरथरते, तंतू उडून सुटे होतात आणि जड कचरा खाली राहतो. बोटांच्या हजार चिमट्या एका ठोक्यात.

नीट सुटत नाही, गोळे होतात. का?

बहुतेक वेळा ओलावा. कापूस हवेतली आर्द्रता पितो. प्रमाण हवामानात त्याच्या वजनात सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतात, आणि पावसाळ्यात तो वाढला की तंतू एकमेकांना चिकटून बारीक गाठी बनतात. म्हणून गाद्या पिंजायचं काम उन्हाळ्यातच उरकतात. वैशाखातल्या आपल्या उन्हाचा हा एक उपयोग.

दुसरं कारण म्हणजे कवडी. गुलाबी बोंडअळीने खाल्लेल्या किंवा अर्धवट उमललेल्या बोंडातला कापूस पिवळट आणि कडक असतो. त्यातले कच्चे तंतू पातळ आणि लुळे असल्याने ओढल्यावर मोकळे होण्याऐवजी गुंडाळतात. तो बाजूला काढा. मावा किंवा पांढऱ्या माशीचा चिकटा पडलेला कापूसही असाच हट्टी.

तिसरं कारण घाई. जास्त ओढलं, जास्त वेळ पिंजलं की धागा तुटून आखूड होतो. मग माल फुललेला दिसतो, पण सूत धरत नाही. चिडवण्यातही प्रमाण चुकलं की नातं तुटतं, हे इंग्रजांना लोकरीवरूनच सुचलं असावं असं म्हणायचा मोह होतो, पण त्याला पुरावा नाही.

मग मराठीत ‘पिंजणे’चा अर्थ चिडवणे का झाला नाही?

या सगळ्या चर्चेतला आम्हाला सगळ्यात आवडणारा प्रश्न. कृती एकच, पण दोन भाषांनी तिच्यात वेगवेगळी गोष्ट पाहिली.

मराठीने पाहिलं की पिंजताना एकही तंतू तपासायचा राहत नाही. म्हणून ‘पोलिसांनी अख्खा परिसर पिंजून काढला’. इथे अर्थ कसून शोधण्याचा आहे. इंग्रजीतही हाच अर्थ आहे, पण तो ‘कोम’ म्हणजे विंचरण्याच्या शब्दाकडे गेला. ‘टीज’च्या वाट्याला गुंता सोडवणं आलं: ‘टीज आउट द मीनिंग’ म्हणजे दडलेला अर्थ हळूच, ओढाताण न करता बाहेर काढणं. त्याला ‘पिंजून काढणे’ म्हणू नका, ‘उकलणे’ म्हणा.

एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषा अगदी एकत्र येतात. आपण म्हणतो ‘केस पिंजारलेत’. इंग्रजीत केस उलटे विंचरून फुगवण्याला ‘टीज’ करणं म्हणतात. ब्यूटी पार्लरमध्ये लग्नाच्या हेअरस्टाइलला मुळाकडे उलटा कंगवा मारून जो फुगा आणतात, तोच ‘टीज्ड हेअर’.

त्रासाच्या अर्थासाठी मराठीला पिंजण्याची गरज पडली नाही, कारण आपल्याकडे पिळणे, पिडणे, छळणे, भंडावणे अशी रांग आधीच उभी होती.

‘टीजल’ नावाचं झाड असतं म्हणे. त्याचा या शब्दाशी संबंध आहे?

सख्खा. टीजल ही युरोपातली काटेरी वनस्पती, शास्त्रीय नाव डिप्सॅकस. नाव ‘टॅसन’वरूनच पडलं. तिच्या फुलोऱ्याचं सुकलेलं बोंड अंड्याच्या आकाराचं असतं आणि लागवडीच्या जातीत त्यावरचे काटे टोकाशी आकड्यासारखे वळलेले असतात. अशी बोंडं चौकटीत बसवून विणलेल्या लोकरी कापडावरून फिरवत, म्हणजे पृष्ठभागावरचे तंतू उचलले जाऊन मऊ लव तयार होई. लोखंडी तारांपेक्षा यांचा फायदा असा की काटा अडकला तर काटा मोडतो, कापड फाटत नाही. आपल्याकडे जवळची उपमा म्हणजे धोतराला चिकटणारं गोखरू, पण गोखरू फारच राकट.

‘कार्डिंग’ शब्दाचाही उगम काट्यातच आहे. लॅटिन ‘कार्डुअस’ म्हणजे काटेरी झुडूप. अमळनेरच्या प्रताप मिलसारख्या गिरण्यांत कार्डिंग खातं असे, त्या नावामागे हे झुडूप उभं होतं.

सभेत आरडाओरडा करून वक्त्याला सतावणं म्हणजे ‘हेकल’. तोही धाग्यातलाच का?

हो. हेकल म्हणजे लाकडी फळीवर लोखंडी टोकदार दाते ठोकलेली मोठी फणी. जवसाचे देठ पाण्यात कुजवून, कुटून, साल काढून जो लांब वाख मिळतो, तो या दात्यांवर मारून ओढतात. आधी विरळ दात्यांची फणी, मग दाट, मग त्याहून दाट. आखूड तुटका भाग फणीत अडकतो, लांब रेशमी तंतू हातात राहतात. आपल्याकडे अंबाडीचा वाख काढणाऱ्यांना यातलं कुजवणं-सोलणं ओळखीचं वाटेल. दोर वळायला मात्र एवढ्या बारीक फणीची गरज पडत नाही.

स्कॉटलंडमधलं डंडी हे जवसाच्या, पुढे तागाच्या गिरण्यांचं शहर. तिथले हेकलर कामगार राजकारणात जागरूक आणि तोंडाने तिखट म्हणून प्रसिद्ध होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्कॉटलंडमध्ये ‘हेकल’ म्हणजे उमेदवाराला भर सभेत उलटसुलट प्रश्न विचारून उघडं पाडणं, असा अर्थ रुळला. आज त्यातला प्रश्नांचा भाग गळून आरडाओरडा तेवढा उरला आहे.

टीज हाताच्या चिमटीचं आणि हेकल लोखंडी दात्यांचं, एवढा फरक ध्यानात ठेवला तर दोन शब्दांची गल्लत होत नाही.

भाषांतर करताना ‘टीज’ला मराठीत काय म्हणावं?

प्रसंग पाहून ठरवा. भावंडांमधलं, मित्रांमधलं असेल तर चिडवणे किंवा मस्करी करणे. समोरचा रडकुंडीला यावा असा डाव असेल तर खिजवणे. झोपलेल्या कुत्र्याला काठीने टोचावं तसं मुद्दाम छेडलं असेल तर डिवचणे. लहान मुलाला खाऊ दाखवून मागे घेणं म्हणजे झुलवणे किंवा हुलकावणी देणे, इथे ‘चिडवणे’ चुकतंच. चारचौघांत हसं केलं तर टर उडवणे.

‘छेडणे’ जपून वापरा. सतारीची तार छेडणं सुंदर, पण ‘मुलीला छेडणं’ हा गुन्हा. एका क्रियापदात दोन टोकं आहेत.

अहिराणीत बोलताना बहुतेक ठिकाणी ‘मस्करी’च पुरते. ‘आय वॉज ओन्ली टीजिंग’ला ‘मी ते मस्करी करी ऱ्हायंतू’ यासारखा सूर लागतो, आणि ‘मनी मस्करी करू नको’ म्हणजे ‘डोन्ट टीज मी’.

पेस्टर, बॅजर, नॅग, बग, हॅरास, अ‍ॅनॉय: हे सगळे टीजचेच भाऊ का?

अर्थाने शेजारी, रक्ताचं नातं कुणाचंच नाही.

‘पेस्टर’ सगळ्यात मजेदार. फ्रेंच ‘एम्पेत्रे’वरून आला, त्याचा अर्थ चरणाऱ्या जनावराच्या पायांना बंधन घालणं, जेणेकरून ते लांब पळू नये. म्हणजे आपलं लोढणं किंवा पायबंद! पुढे किडीच्या ‘पेस्ट’ शब्दाशी आवाज जुळल्याने त्याला भुणभुणीचा रंग चढला. ‘मोबाइल घेऊन द्या’ म्हणून पोरगं आठवडाभर मागे लागतं, ते पेस्टर. गळ्यात लोढणं पडल्यावर बैलाला काय वाटतं ते बापाला विचारा.

‘बॅजर’ हा युरोपातला बिळात राहणारा, तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला प्राणी. सातपुड्यातलं चांदी अस्वल वेगळं, त्याच्याशी गोंधळ नको. बॅजरवर कुत्रे सोडून झुंज पाहण्याचा क्रूर खेळ इंग्लंडमध्ये चाले, त्यावरून प्रश्नांनी घेरून हैराण करणं म्हणजे ‘बॅजर’. १८३५च्या कायद्याने तिथे असल्या झुंजींवर बंदी आली, क्रियापद राहिलं.

‘नॅग’ स्कँडिनेव्हियाकडचा, मूळ अर्थ कुरतडणे. घरातली कटकट, किरकिर. ‘बग’ विसाव्या शतकाच्या मध्यावरचा अमेरिकी बोलीतला, अनौपचारिक. अर्जात लिहू नका. १९४७मध्ये हार्वर्डच्या संगणकात पतंग सापडला म्हणून संगणकातल्या दोषाला ‘बग’ म्हणू लागले, ही गोष्ट फिरते. पतंग खरा, पण यंत्रातल्या दोषाला बग म्हणणं त्याआधीचं, एडिसनच्या १८७८च्या पत्रातही ते आहे.

‘हॅरास’ गंभीर आणि कायद्याच्या भाषेतला. ‘अ‍ॅनॉय’ लॅटिन ‘इन ओडिओ’पासून, म्हणजे ‘नकोसं होणं’. त्यात हेतू लागत नाही: डीजे अ‍ॅनॉय करू शकतो, टीज करू शकत नाही. टीज करायला माणूस लागतो, फार तर माकड.

‘ईव्ह-टीजिंग’ हा शब्द वापरावा का?

शक्यतो नको. हा भारतीय उपखंडात रुळलेला इंग्रजी शब्द आहे. बायबलमधली पहिली स्त्री ईव्ह, तिच्यावरून. अडचण ‘टीज’मध्येच आहे: त्यात गमतीची छटा असल्याने गुन्हा खोडीसारखा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१२च्या एका निकालात सार्वजनिक ठिकाणच्या या प्रकाराबद्दल राज्यांना निर्देश दिले, तिथेही हा शब्द आहे, पण तक्रार लिहिताना तो कामाचा नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळ कलम ७५मध्ये, पाठलाग कलम ७८मध्ये आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द-हावभाव कलम ७९मध्ये आहेत. तक्रारीत ‘टीज केलं’ असं मोघम लिहू नका. काय बोलला, कुठे, किती वाजता, कितव्यांदा, कोणासमोर हे लिहा.

कॉलेजात नव्या मुलांना ‘नुसतं टीज केलं’ हा बचावही चालत नाही. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगविरोधी कायद्याने रॅगिंगच्या व्याख्येत टीजिंग नाव घेऊनच घातलं आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

उच्चार आणि वाक्यरचनेत कुठे चुकतं?

उच्चारात शेवटच्या अक्षरावर. तो ‘आवाज’मधल्या ‘ज’च्या जवळचा, घासून येणारा. ‘जीवन’मधला ‘ज’ किंवा ‘च’ लावला की ‘टीज’चं ‘टीच’ होतं आणि ‘सर मला चिडवतात’ऐवजी ‘सर मला शिकवतात’ असं वाक्य तयार होतं. ‘टी’ लांब ठेवा. चहाच्या ‘टी’चं अनेकवचनही हुबेहूब असंच ऐकू येतं, संदर्भाने ओळखा.

रचनेत आपला ‘ला’ आडवा येतो. ‘त्याला चिडवलं’ म्हणून ‘टीज्ड टू हिम’ लिहितात. ‘टू’ नको, थेट ‘टीज्ड हिम’. कशावरून चिडवलं ते सांगायला ‘अबाउट’ लावा, ‘ऑन’ नाही: ‘दे टीज्ड हिम अबाउट हिज हेअरकट’.

‘शी इज अ टीज’ हे नाम म्हणून कुणाबद्दल वापरू नका. ‘ती मस्करी करणारी आहे’ असं वाटून मुलं ते लिहितात. स्त्रीबद्दल त्याचा अर्थ अश्लील सूचनेचा होतो.

आणि सिनेमाचा ‘टीजर’?

हुलकावणीच्या अर्थातून आलेला: थोडं दाखवायचं, हात पुढे केला की मागे घ्यायचं. ट्रेलरमध्ये गोष्टीचा अंदाज येतो, टीजरमध्ये येऊ द्यायचा नसतो. ‘ब्रेन टीजर’ म्हणजे डोक्याला चिमटे काढणारं कोडं. लोकर पिंजणाऱ्या कामगारालाही ‘टीजर’ म्हणत.

‘टीज’ आणि आपली ‘टिंगल’ एकाच मुळातल्या का?

नाहीत. आवाज थोडा जुळतो, एवढंच. टीजच्या जवळ जाणारी मराठी वस्तू शोधायचीच असेल तर साक्री तालुक्यातल्या ठेलारींच्या वाड्यावर मेंढ्या कातरताना जा. कातरलेल्या लोकरीचा झुपका मागून घ्या आणि चिमटीने ओढून बघा. घोंगडीला चिंचोक्याची खळ लावायच्या कितीतरी आधीचं हे काम, आणि जुन्या इंग्रजीतलं ‘टॅसन’ म्हणजे नेमकं तेवढंच.